लोकल टच सहलींचा संस्थापक

३ जानेवारी २०२६, शनिवार

पतसंस्थेचा राजीनामा दिला. आयुष्यभर पासबुकं छापली, आता बस. मॅनेजर पंजाबराव यांनी कागद वाचलासुद्धा नाही. ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "महिनाभर राहू द्या अथीच. डोकं थंड झालं की येजा." माझं डोकं थंडच आहे! हे इतकं ओरडून सांगितलं की काउंटरवरचे खातेदार वळून बघायला लागले.

आजपासून मी उत्तमराव, संस्थापक, 'लोकल टच सहली', चिखली. कन्सेप्ट क्लिअर. छोटा ग्रुप, एसटीचा प्रवास, त्या त्या गावचा गाइड, घरगुती जेवण. एसी गाडीच्या काचेतून बघणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. आपला जिल्हा लोकांना माहीत नाही याची चीड मला शाळेपासून आहे. बुलढाणा म्हटलं की पुण्याचे लोक विचारतात, नागपूरजवळ का? नागपूर!

जयमालाने, म्हणजे बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाले तं लोकं आवडतच न्हाईत. मंग तुम्ही लोकं फिरवसान कसे?" ज्यांना व्हिजन नाही त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं. तासाभराने घातला.

११ जानेवारी, रविवार

बुकिंग आलं! पुण्याच्या रेणुका मॅडम, रिटायर्ड प्राध्यापिका, आणि त्यांचे पाच मित्रमैत्रिणी. ही ट्रिप आवडली तर दर महिन्याला एक ग्रुप पाठवणार म्हणतात. म्हणजे सगळं या एका ट्रिपवर आहे. फसली तर पंजाबरावांचा ड्रॉवर उघडावा लागेल. फसणार नाही.

चोवीस तारखेला, शनिवारी, मेहकरवरून लोणार, तिथे मुक्काम. रविवारी बीबीला गाडी बदलून सिंदखेडराजा. लोणारसाठी गाइड ठरवली, धम्मशीला. इतिहासात एम.ए., कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. फोनवर अट घातली, "सर, बोलणार मी. तुम्ही फक्त माणसं मोजा. मंजूर असंल तं येते." अशा बायकांना मी दारातसुद्धा उभं करत नाही. हो म्हणालो, कारण दुसरं कोणी फोन उचलत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

संकल्प: ट्रिपमध्ये चिडायचं नाही. टूर लीडर हसतमुख हवा. आरशासमोर हसण्याची प्रॅक्टिस केली. जयमाला दारातून विचारते, "दाढ दुखून राह्यली का?" चिडलो. पण ट्रिप अजून सुरू झालेली नाही, त्यामुळे हे धरायचं नाही.

२४ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी, लोणार

सकाळी घरी जयमालाच्या हातचे पोहे झाले, मग स्टँडवर ग्रुपला आपली पद्धत शिकवली. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, सीट आपली. एका काकांनी उत्साहाने टाकला. टाकण्याआधी बोर्ड वाचावा एवढी अक्कल नको? रुमाल जाफराबादला गेला. काका दिवसभर बाहीला नाक पुसत होते आणि दर वेळी माझ्याकडे बघत होते.

मेहकरला लोणारची एसटी आमच्या डोळ्यांसमोर सुटली. कंडक्टरकडे बघून मी हात केला, त्यानेही हात केला. नालायक. मग जीप. ड्रायव्हर जीप भरल्याशिवाय हलेना. त्याला बजावलं की हा छोटा ग्रुप आहे, याला प्रायव्हेट फील पाहिजे. तो म्हणाला, "ग्रुप तुमचा लहान हाय, जीप माही लहान न्हाई," आणि माझ्या मांडीवर एका म्हातारीचं गाठोडं ठेवलं. मॅडमना हसू आवरेना. मीही हसलो, प्रॅक्टिसमधलं. म्हातारीने गाठोडं काढून घेतलं.

खरा अपमान दैत्यसूदन मंदिरात झाला. धम्मशीला शिल्पं दाखवत होती, बरं सांगत होती, पण लीडर म्हणून माझंही काही कर्तव्य आहे. मी मध्ये सांगितलं की हे मंदिर एका रात्रीत बांधलेलं आहे. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुम्ही एका रातीत एक ओटा तं बांधून दाखवा." पुण्याचे सहाच्या सहा जण हसले. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की उद्या यायची गरज नाही. ती म्हणाली, "नका नेऊ, पण बीबीले गाडीचा भरोसा धरू नका, आन कोठं बी घुसाच्या आंधी इचारत जा." आता ही मला शिकवणार!

मॅडमनी तिचा नंबर घेतला. कशाला, देव जाणे.

२५ जानेवारी, रविवार, दुपारी पाऊण वाजता, बीबी

गाडी नाही. कंट्रोलर म्हणतो, येईल. कधी, तर आली की. पाच जण भुकेने गप्प, सहावे काका बाहीला नाक पुसताहेत. संताप संताप झाला.

पण आपण संस्थापक उगाच नाही! चहाच्या टपरीमागे मोठा मंडप दिसला. कढया चढल्या आहेत, पंगत बसते आहे, महाराजांचं कीर्तन नुकतंच संपलंय. शेजारी नवं कोरं घर, रंगही ताजा. एका नजरेत ओळखलं, वास्तुशांती. मालक कडूबा आणि त्यांचा भाऊ दोघेही नुकतेच तिरुपतीहून आलेले दिसतात, डोक्यावर केस नाहीत. घर झालं म्हणून नवस फेडला असणार. मी ग्रुपला हे सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी विचारलं, "आपल्याला बोलावणं नाहीये ना पण?" मी म्हणालो, इकडे बोलावणं लागत नाही, हीच तर आपली संस्कृती. आणि खरोखर कोणी काही विचारलं नाही. एकाने हात धुवायला पाणी दिलं, दुसऱ्याने पत्रावळी मांडल्या. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी.

असा अनुभव कोणती कंपनी देते? धम्मशीला असती तर इथेही आडवी आली असती.

माइक मोकळाच आहे. पाहुण्यांच्या वतीने दोन शब्द बोलतो आणि मग जेवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी, सिंदखेडराजा

चूक त्यांचीच आहे. मंडपावर एक बोर्ड लावायला काय जातं? माणसाने ओळखायचं कसं?

मी चांगलंच बोललो. म्हणालो, आज या घराचा आनंदाचा दिवस. म्हणालो, या दारात असे प्रसंग वारंवार येवोत, आणि आम्ही दर महिन्याला पाहुणे घेऊन येऊ. टाळ्यांसाठी थांबलो. वाढणारे जागच्या जागी उभे राहिले. बायकांच्या बाजूने कोणीतरी हुंदका दिला.

कडूबा माझ्याजवळ आले. हातातली बुंदीची परात खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "माय गेली हो आमची. तेरवी हाय तिची."

मी माइक बंद करायला गेलो तर बटण सापडेना. शेवटी महाराजांनी केला.

मी ग्रुपला म्हणालो, उठा. कडूबांनी दोन्ही हात आडवे केले. म्हणाले, "पाव्हणे पानावरून उठले तं मायले बरं न्हाई वाटनार. तिनं कधी कोनाले उपाशी जाऊ देल्लं न्हाई. बसा. तुम्ही बी बसा, भाऊ." मला भाऊ म्हणाले. माणूस चार शिव्या घालतो, धक्के मारून बाहेर काढतो, म्हणजे विषय तिथे संपतो. हे असं पुरी वाढणं म्हणजे छळ आहे. पुरी पानावर तशीच ठेवली.

पुणेकर मात्र जेवले. मॅडम आत जाऊन फोटोपुढे बसल्या, मग कडूबांच्या बायकोचा हात धरून बराच वेळ बसून राहिल्या. काका रडले. त्यांना कोणीतरी नवा रुमाल दिला.

सिंदखेडराजाच्या गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. आपसात मात्र म्हणत होते की दोन दिवसांत हीच गोष्ट आयुष्यभर लक्षात राहील. मग ती घडवून कोणी आणली?

२८ जानेवारी, बुधवार

मॅडमचा मेसेज. ट्रिप फार आवडली. फेब्रुवारीत दहा जण येताहेत. मी घरातल्या घरात उडी मारली. दुसरा मेसेज: धम्मशीलाताईंशी बोलणं झालं आहे, सगळं त्याच बघतील. जेवणाचं जयमालाताईंना विचारलं आहे, त्या हो म्हणाल्या. 'तुम्हाला त्रास देत नाही.'

मला त्रास देत नाही! कन्सेप्ट माझा, जिल्हा माझा, बायको माझी! जयमालाला विचारलं की तू हो कशी म्हणालीस. ती म्हणाली, "तुम्ही बीबीले गेल्ते का माफी मांगाले?" मी म्हणालो, विषय बदलू नकोस. ती म्हणाली, हाच विषय आहे.

गेलो नाही. गाडीचा भरोसा नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

पतसंस्थेत पुन्हा बसलो. तात्पुरतं. पंजाबरावांनी फक्त चहा मागवला. त्यांच्यावर दिवसभर चिडून होतो. दोन पासबुकं उलटी छापली.

२२ फेब्रुवारी, रविवार

स्टँडवर गेलो. फक्त चुका बघायला. धम्मशीला आदल्या दिवशीच लोणारहून आली होती, दहा जणांना पाणी पिऊन घ्या, टोप्या घाला म्हणून दरडावत होती. माझ्याकडे बघून "नमस्कार सर" म्हणाली, मनापासून म्हणाली, त्याचाच राग आला. जयमाला नवी साडी नेसून, डबे घेऊन पुढच्या सीटवर. खिडकीतून मला सांगते की भाजी झाकून ठेवली आहे. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

चूक एकही सापडली नाही. गाडी वेळेवर लागली. हरामखोर एसटी, माझ्या वेळेला काय झालं होतं?

ग्रुपमधल्या एका मुलीला बॅग वर ठेवता येईना. मी आत चढून ठेवली. मग दुसऱ्याची ठेवली, मग सगळ्यांच्या ठेवल्या. त्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही पण येताय ना?" मी म्हणालो, नाही, मला ऑफिस आहे. रविवार आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती पुढे काही बोलली नाही.

कंडक्टरने घंटी मारली, मी उतरलो. गाडी मेहकर रोडला वळेपर्यंत उभा होतो.

मलाही जायचं होतं.