मुद्दाम बारीक केलेली मान

ता. ३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. आई सुखरूप आहे. तिला त्यातले अर्धेच वाचून दाखवले. उरलेल्या अर्ध्याने माझे डोके भणाणले आहे.

जहाजात तेल भरायच्या होजच्या, म्हणजे त्या जाड रबरी नळाच्या, कपलिंगमधले (जोडातले) बारीक मानेचे बोल्ट वादळात ‘दगा देतात’, म्हणून तू ते काढून जाडजूड बोल्ट बसवलेस आणि मुकादमाने तुझी पाठ थोपटली! अरे दादा, ती मान आमच्याच कारखान्यात मुद्दाम बारीक करतात. ते बोल्ट किती ओढीला तुटतात, हे मी रोज तपासते. लाटेने जहाज खेचले की आधी त्यांनी तुटायचे. मग कपलिंग दुभंगते, दोन्ही तोंडांच्या झडपा मिटतात आणि तेल थांबते. तुझे बोल्ट तुटणार नाहीत, होज फाटेल. आणि त्याच्याशेजारी उभा कोण असतो? तूच!

दुकानदारासमोरही माझी दातखीळ बसते, असे तू म्हणतोस ना? काल तुमच्या कचेरीत फोन करून मी साहेबांना खडसावले. जुने बोल्ट बसवल्याचे कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

लोभ आहेच; सध्या तो रागाखाली शोधावा.
तुझी धाकटी

ता. १४ ऑक्टोबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

पुस्तके कुरतडून पोट भरले नाही, म्हणून माझी अब्रू कुरतडलीस? साहेबांचा हुकूम आला आणि सगळ्यांदेखत बोल्ट बदलावे लागले. मुकादम मला ‘बहिणीचा विद्यार्थी’ म्हणतो. बारा वर्षे समुद्रावर काढली, ती तुझ्याकडून शिकण्यासाठी नव्हे. महिनाभर पत्र लिहू नकोस.

आईला नमस्कार.
दादा

ता. २९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडते आहे. मुकादमाची तक्रार आज माझ्याच टेबलावर आली: ‘परवाच्या वादळात तुमचे बोल्ट तुटले. काम अठरा तास थांबले. माल निकृष्ट.’ तेल सांडले का, कोणाला लागले का, याबद्दल एक अक्षर नाही! मी उत्तर लिहिले की तुटणे हेच त्यांचे काम होते. आमचे साहेब म्हणतात, डेकवरचा साक्षीदार नसेल, तर गिऱ्हाईक सांगते तशी मान जाड करू. दादा, मग पुढच्या वादळात काय होईल?

तू तेव्हा कुठे उभा होतास, तेवढे तरी कळव.
तुझी धाकटी

ता. ६ नोव्हेंबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

होजपासून चार हातांवर होतो. फाटकन आवाज झाला आणि कपलिंग दुभंगले. थेंबभरही तेल सांडले नाही. मुकादम माझ्या मागेच उभा होता. हे त्याने लिहिले नाही, मी लिहिले आहे.

साक्ष सोबत जोडली आहे. सहीखाली हुद्दा ‘बहिणीचा विद्यार्थी’ असा घातला आहे. तो खोडू नकोस.

दादा