टेलिफोनवरचा आवाज

प्रिय थेल्मा,

नाताळच्या कार्डाखेरीज माझं काही आलेलं पाहून तू पाकीट उलटंसुलटं करशील आणि म्हणशील, "बाईसाहेबांना बरी आठवण झाली!" तेही माझ्याच आवाजात, नाक वर करून. कर बाई नक्कल. मला फक्त एकच विचारायचंय: लहानपणी मी बोलायचे कशी? महिनाभर या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

आपली आई आठवते ना? हेरिंग मासे साफ करता करता आपल्या शील्ड्स बंदराच्या अस्सल बोलीत आपला उद्धार करायची, आणि फोन वाजला की हात पुसून एकदम सरदारघराण्यातली व्हायची. "नमस्कार, आपण कोण बोलत आहात?" पलीकडे मावशी निघाली की लगेच, "आगं मेले, तू हाय व्हय!" आपण दोघी जिन्याखाली तोंड दाबून हसायचो.

न्यूकॅसलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तर त्या उसन्या आवाजाचाच पगार मिळायचा. आपल्या सगळ्या पोरींना तो शिकवायच्या मिस प्रिंगल. तू त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायचीस, की त्यानेच घात केला. एक दिवस माझ्या लाइनवर आवाज आला, "आपले स्वर सैल पडत आहेत." मला वाटलं, तूच. मी म्हणाले, "नाक अजून वर कर की भवाने, छताला टेकू दे!" त्या खऱ्या मिस प्रिंगल निघाल्या. हॉलमध्ये येऊन त्यांनी विचारलं, कोण बोललं हे? मी उठायच्या आत तू उठलीस. आणि मग मी उठलेच नाही.

नोकरी जाऊन तू मासळीच्या धक्क्यावर गेलीस, मी बढतीवर लंडनला. तिथे रॉन भेटला. इंग्रजीत यमक जुळतं म्हणून जिन्याला 'सफरचंदं नि पेअर' म्हणणाऱ्या कष्टकरी वस्तीतला. वर्षभरात मी त्याच्यासारखी बोलून त्याच्याच आईला फसवलं. मला वाटायचं, केवढी ही माझी कला!

आता सांगते. चौदा तारखेला माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. त्याआधी आवाज भरून ठेवायचा, म्हणजे पुढे यंत्र माझ्या आवाजात बोलेल. मी तीनशे वाक्यं वाचली. लेक फिलिपा ऐकून म्हणाली, "आई, हा तुझा फोनवरचा आवाज झाला. घरचा कुठाय?" मी आरशासमोर बसून शोधला गं. शील्ड्सची बोली बोलून पाहिली, तर तीही नक्कलच वाटली. मला भीती वाटते, थेल्मा. उरलेलं आयुष्य मी मिस प्रिंगलच्या आवाजात काढायचं का? तू समोर असलीस की घरचा आवाज येईल, मला खात्री आहे. ये. नाही जमलं तर फोन कर आणि चांगली खरडपट्टी काढ. फिलिपा यंत्र सुरू करून बसेल. तीनशे वाक्यं राहू देत. मला तुझ्यासमोर, आपल्या बोलीत, एकच भरायचंय: "बाई, त्ये मी बोलले, थेल्मा न्हाई."

तुझीच,
एनिड