उलटं पाऊल

ती. अक्का,

प्रथम तक्रार तुझ्या लाठ्यांची. त्या माझ्याच वर्गाच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत, आणि मी 'देवः देवौ' सुरू केलं की एखादी हटकून लोटांगण घालते. एवढी भक्ती माझ्या विद्यार्थ्यांत नाही.

तू निवृत्त झालीस तेव्हा शाळेचं लाठी मंडळ बंद पडू नये म्हणून मी "मला येतं" म्हणालो. खरं तर तुझ्यासमोर बसून नुसतं पाहिलं होतं. समोरून पाहिल्यामुळे तुझं उजवं पाऊल मी डावं समजलो. बावीस मुलं दोन महिने तसंच शिकली आणि आपापले गुडघे शेकत बसली. मी म्हणायचो, "सरावाने जमेल."

तुझ्याकडे शिकलेली सुताराची मुलगी तेवढी बरोबर फिरवायची. मी तिला सगळ्यांसमोर थांबवलं.

"सर, बाईंनी असंच शिकवलंय."

"मग बाईंकडेच जा."

पोरं हसली. तिने लाठी भिंतीला टेकवली आणि गेली, ती परत आली नाही.

परवा कार्यालयातला तुझा लाठी फिरवतानाचा पाठमोरा फोटो पाहिला, तेव्हा माझी चूक कळली. मुलांना मात्र चूक कबूल न करता पाऊल बदलायला लावलं आणि सांगितलं, "आता पुढचा धडा."

तुला मागे 'मंडळ उत्तम' असं कळवलं होतं, म्हणून हे पत्र खणातच राहील. त्या मुलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतलो. अक्का, मंडळ चालेल. पण "तुझंच बरोबर होतं" एवढं माझ्या तोंडून निघेपर्यंत ती लाठी फिरवणं विसरून जाईल, याची मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा