खालून ऐकलेलं जहाज

३ नोव्हेंबर
जहाज निवृत्त होणार. पुढच्या महिन्यात, मुंबईत. बाबांच्या जुन्या सोबत्यांनी ठरवलंय, त्याच्या सेवेचा इतिहास निरोपाच्या समारंभानंतर छापून सगळ्यांना वाटायचा. लिहायचा मी. 'तुमची पोरगी पुस्तकं लिहिते ना!' तटरक्षक दलाचं जहाज, आणि इतिहास लिहिणार कुठे, तर समुद्रापासून इतक्या दूर, प्रताप नगरात. हसू आलं. बरंही वाटलं.
बाबा मात्र, "तू लिही. मी काई येत नाई तिथं."
का, ते सांगेनात.

५ नोव्हें.
सकाळी गच्चीवर, कोवळ्या उन्हात. विचारलं, वादळातून मच्छीमारांना वाचवलंत, ते सगळं सांगा.
"वरून इंजिनाच्या हुकुमाची घंटी वाजली. फुल अहेड. लय वेळ फुल अहेड, पुरा जोर. मंग स्लो. मंग स्टॉप."
"मग?"
"मंग पुन्हा फुल अहेड."
"अहो बाबा, लाटा? माणसं?"
"मले काय दिसते वं? मी खाली, इंजिनपाशी."
आई संत्र्याच्या साली वाळत घालत होती. "समुद्रावर जातो म्हणून गेले हे, आन् सारी नोकरी तळघरात बसले!"
बाबा हसले. जरा उशिरा.

८ नोव्हें.
रत्नागिरीला पावसकरकाकांना फोन. ते त्याच जहाजावर, पण वर डेकवर असायचे. लाटा, दोर, एकेक माणूस ओढून घेतलेला. शेवटचा तर होडी सोडेना, जाळं टाकून येणार नाही म्हणून अडून बसला! लगेच लिहून काढलं. जाळ्याचं अजून अर्धवट होतं, ते सोडून बाकीचं संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं.
"असं झालं होतं काय?"
म्हणजे वाचलेली माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती. बंदरात ती उतरली, तेव्हाही हे खालीच.
पाणी प्यायले. मग, "म्हणून नाई म्हणतो. सारे वरचे लोक येतील तिथं, काय काय सांगतील. मी काय सांगू? मले निसता आवाज मालूम."
वाचून दाखवायला नको होतं का...

११ नोव्हें.
लिहिलं नाही. काटोलहून आमच्या सख्ख्या काकांची संत्र्यांची पेटी आली. सुटी संपली की बाबा अशीच पेटी जहाजावर घेऊन जायचे. साली गरम पाइपावर ठेवायचे, डिझेलच्या वासावर उतारा म्हणून. सगळ्या इंजिनरूमला काटोलचा वास. सेवेच्या इतिहासात हे बसतं? बसवते.

१४ नोव्हें.
सापडलं! सुटका दोनदा लिहायची. एकदा वरून, पावसकरकाकांची. एकदा खालून, बाबांची, नुसत्या घंट्यांची. दोन्ही शेजारी ठेवून बसले आणि एक जागा रिकामी दिसली.
"बाबा, त्या 'स्टॉप'नंतर पुढची घंटी लगेच झाली?"
डोळे मिटले त्यांनी. "नाई ना. लय वेळ नाई. जहाज असं आडवं होऊन राहिलं, आन् घंटी येईच ना. मले वाटलं, बिघडली का काय."
तेव्हा जाळ्याची गोष्ट सांगितली.
"जाळ्यासाठी? त्या जाळ्यासाठी आमी खाली मरून राहिलो होतो?"
आणि हसत सुटले. थांबेचनात. आई हातातलं लाटणं घेऊन धावत आली. "काय झालं वं ह्यायले?"
रात्री स्वतःच पावसकरकाकांना फोन केला. मी दार ओढून घेतलं.

१९ नोव्हें.
बाबा येतो म्हणाले! एक अट. सूर्यास्ताला वर झेंडा उतरेल, सगळे डेकवर सलामीला उभे. ते तिथे नसणार. "शेवटी इंजिन बंद करतीन ना, तवा मले खाली राहू द्या म्हणा."
आईला विचार पसंत. "झेंडा मी पाहीन. मंग सांगीन तुमाले, कसा उतरला ते."
जहाजाच्या कप्तानांना लिहून विचारलंय.

२४ नोव्हें.
उत्तर नाही. परवानगीचं काम, लागतो वेळ. शेवटचं पान दोन भागांत मांडलंय. वरच्या भागात सूर्यास्त, झेंडा, सलामी. ते आई बघून सांगेल. खालचा भाग बाबांसाठी कोरा.
बाबा मागच्या खोलीत पेटी उघडून बसलेत. प्रवासात टिकतील अशी घट्ट सालीची संत्री वेगळी काढतायत. म्हटलं, एवढी कोणासाठी? कप्तान अजून हो म्हणालेले नाहीत.
"मले हो म्हणोत का नाई. खाली इंजिनावर पोरं तं असतीनच ना. त्यायले."