सगळे हजर

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून ऑनलाइन डिप्लोमा. विद्यार्थी म्हणजे खेड्यांतल्या शाळांवरचे तात्पुरते शिक्षक. डिप्लोमा नाही, तर नोकरी कायम नाही. प्राचार्य न्यिरेंदा म्हणाले, हजेरी भरली नाही तर कोर्स बंद. म्हटलं, भरेल. महिन्यातून एका शनिवारी कॉलेजात वर्ग आहे, पण ती जुन्या वळणाच्या लोकांची सोय. निश्चय: कुणाचीही सबब ऐकायची नाही.

४ नोव्हेंबर
हजर पाच. ग्रुपवर कडक मेसेज टाकला: गैरहजर राहणाऱ्याचं नाव कापलं जाईल. वर्गातल्या एस्नातचा मिस्ड कॉल. म्हणजे माझ्याकडे बॅलन्स नाही, तुम्हीच फोन करा. केला नाही. नसती सवय लागते.

१० नोव्हेंबर
सगळे हजर. मेसेज लागू पडला. कॅमेरे बंद, आवाज बंद. वर्गात इतकी शांतता उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. प्रश्न विचारला, उत्तर नाही. विचार करत असावेत.

१९ नोव्हेंबर
पाऊस लागला. आमचा सगळा झोंबा जिल्हा मका पेरायला शेतात. माझे विद्यार्थी मात्र स्क्रीनसमोर. याला म्हणतात मोटिव्हेशन. धाकटी बहीण तियामिके म्हणाली, "ताई, पेरणीच्या दिवसांत? वर्गात माणसं आहेत की भुतं?" तिला शिक्षणातलं काय कळतं.

२४ नोव्हेंबर
शिकवत असताना एस्नातचा मिस्ड कॉल. स्क्रीनवर हजर आहे, तर तिथेच का विचारत नाही? बेशिस्त. फोन उलटा ठेवला.

२७ नोव्हेंबर
प्राचार्य खूश. एवढी हजेरी असताना शनिवारचा वर्ग हवा कशाला, म्हणाले. मीही मान डोलावली. तो बंद.

२ डिसेंबर
तास रंगात आला असताना सगळी नावं एका क्षणात गायब. माझ्याकडे लाइट होती. हा संपच. प्राचार्यांना कडक पत्र लिहिलं. तियामिके म्हणते, बाजारात लाइट गेली होती. बाजाराचा काय संबंध?

३ डिसेंबर
पत्र प्रिंट करायला बाजारात काम्वेंदोच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तो उठून उभा राहिला. "या मॅडम. तुम्हाला रोज बघतो."
माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे. दुकान उघडलं की आधी त्यांच्या नावांनी माझा वर्ग भरवतो. मोबदला टोपलीभर शेंगदाणे, नाहीतर मका. मी विचारलं, निदान ऐकतोस तरी का.
"आवाज बंद ठेवतो, मॅडम. गिऱ्हाइकं कुरकुरतात."
एस्नातचं विचारलं. तिच्या गावात नेट येत नाही. ती त्याला म्हणाली होती, "मॅडम फोन घेत नाहीत. अडलेलं सगळं शनिवारी कॉलेजात विचारीन."
पत्र प्रिंट केलं नाही.

४ डिसेंबर
प्राचार्यांना म्हटलं, शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करा. त्यांनी विचारलं, का? हजेरी तर पूर्ण आहे. खरं सांगितलं तर कोर्सच बंद. म्हटलं, सहज विचारलं.
एस्नातला फोन लावला. लागला नाही. निश्चय: रोज एकदा लावायचा.

८ डिसेंबर, सोमवार
फोन लावायचा राहिला. तासाची वेळ झाली होती.
सगळे हजर. शिकवायला सुरुवात केली.