काकांच्या शांत प्लेटलेट

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी नेहमी पहिल्या ओळीत असते. आज ती जरा खाली येईल, कारण मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे लिहवत नाही. मी लिहिलं होतं की प्रयोगासाठी रक्त देण्यापूर्वी काकांनी फॉर्मवरच्या अकराही प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर दिलं. काकांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. ते बाही वर करून ऐटीत बसले होते. आपल्या काकांना ‘तुम्ही दारू पिता का, गोळ्या घेता का’ असं विचारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मीच अकरा ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. (त्यातली दहा बरोबर होती.)

गुडघा कसा आहे? जिना कमी कर.

आता पुढचं. आम्ही बनवतो ते अतिसूक्ष्म कण पोटात औषध घेऊन रक्तातून फिरणार आहेत. ते किती बारीक आहेत याच्याइतकंच त्यांचं अंग कसं आहे यालाही महत्त्व. अंगावर धन विद्युतभार असला की रक्तातल्या प्लेटलेटना वाटतं कुठेतरी जखम झाली, आणि त्या एकमेकींना चिकटून गुठळी करतात. जखमेवर हे उपकारच, पण वाहत्या रक्तात जिवाशी गाठ. म्हणून आम्ही कणांना लेप देतो आणि प्लेटलेट गप्प राहतात का ते बघतो. काकांच्या राहिल्या. अर्धा तास ढिम्म! तू उलट टपाली कळवलंस की चहा निवला तरी ज्याचं डोकं फिरतं त्याचं रक्त शांत कसं, नळी बदलली असेल. मी हसले. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मात्र तो आलेख अहवालात घातला. त्या अहवालावर लेपाची पुढची चाचणी ठरणार आहे, आणि माझी पुढच्या वर्षाची नेमणूकही.

मग आमच्या संस्थेच्या ग्रंथपालबाईंचं रक्त घेतलं. तेच कण, तोच लेप, आणि तीन मिनिटांत गुठळ्या. माझाच हात चुकला असेल म्हणून तीनदा करून पाहिलं. हात चुकला नव्हता. शेवटी काकांना फोन केला.

“गोळी? मी? अगं, आयुष्यात औषधाला शिवलो नाही!” आणि मग, “डोकं दुखलं की ती पांढरी घेतो. ती काय औषध झालं?”

शेवटची कधी घेतली, असं विचारलं.

“तुझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी. सुईच्या विचारानंच डोकं ठणकत होतं. मावशीला बोलशील तर बघ, शपथ आहे माझी!”

ती पांढरी म्हणजे ॲस्पिरिन. एका गोळीनं प्लेटलेट आठ-दहा दिवस मंदावतात. म्हणजे लेपाचा गुण म्हणून आम्ही जो मिरवला तो गोळीचा होता. आणि काकांनी तर शिंप्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय की शास्त्राला हवं तसं रक्त फक्त त्यांच्याच अंगात आहे.

घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार (काकांना सध्या नको, ते पत्राचं कारण विचारतील).

जिला पाटीवर पहिली अक्षरं तू गिरवायला लावलीस ती,
तुझी भाची

ता. क. : विभागप्रमुख बाईंना सांगणं सोपं आहे, फार तर नोकरी जाईल. काकांना तू सांगशील का? खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहिलं. सुईचं तेवढं काढू नकोस. (शपथ मोडलीच आहे, निदान बभ्रा नको.)

ता. क. २ : पाकीट बंद करता करता उघडलं. तू काही सांगू नकोस. ‘नाही’ माझ्या अक्षरात आहे, त्यांच्या नाही. बाईंची वेळ मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाची घेतली आहे. काकांना त्यांच्या रक्ताबद्दल इतरांच्या आधी कळायला हवं. तेव्हा त्यांना घरी थांबव, मी येते आहे सोमवारी, तेरा तारखेला, संध्याकाळी सहा वाजता.