यादीत आठ आहेत

२१ सप्टेंबर १९८७, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं, जोतिबा, हे जमवलंस कसं, तर माझं मलाच आठवायला हवं.
प्रिन्सिपॉल मारुतीरावांनी शनिवारी केबिनमध्ये बोलावलं. कॉलेजच्या कॉम्प्युटरला आठ टर्मिनलं आहेत, म्हणजे पोरांनी बसायचे पडदे आणि कीबोर्ड, पैकी चारच चालतात. उरलेली चार आल्यापासून खोक्यात. ५ ऑक्टोबरला युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल, धारवाडहून एक्झामिनर येणार. आठही लागली तर मी लॅबचा पर्मनंट इन-चार्ज. नाही लागली तर परत ऑफिसात, जावकच्या टेबलावर. सहा वर्षं पाकिटं चिकटवली तिथं. जिभेला अजून डिंकाची चव आहे. परत जाणार नाही म्हणजे नाही.
बंगळूरहून कंपनीचा माणूस बोलवू का, असं सर विचारत होते. मी म्हटलं, कशाला?
संकल्प: पाचला उठणे. मॅन्युअलची रोज वीस पानं. चहा दोनच.

२२ सप्टेंबर, मंगळवार. ८.००
उठायला उशीर. हवा ढगाळ होती.
मॅन्युअल उसनं आणलेलं, परत द्यायचंय. म्हणून टायपिस्ट गुणाबाई कांबळे त्याची नक्कल टाईप करून देतात. मूळच्या निपाणीच्या, शहापुरात खोली घेऊन राहतात. टाईप करतात त्यातलं ओ की ठो कळत नसणार, पण हात लई फास्ट.
आज पानं चार. चहा पाच.

२४ सप्टेंबर, गुरुवार
समजलं! मशीनच्या पोटात कर्नल नावाचा मूळ प्रोग्राम असतो. टर्मिनलं किती, प्रिंटर आहे का, हे सगळं एका यादीत लिहून त्याला आधीच सांगायचं आणि मग कंपाईल करायचं, म्हणजे त्या यादीवरून मशीनकडून नवीन कर्नल बनवून घ्यायचं. आपल्या यादीत चार लिहिलेत. चारचे आठ करायचे. झालं! एवढ्यासाठी बंगळूरचा माणूस?
घरी यशोदेला सांगून टाकलं, ऑर्डर निघाली, नुसती सही राहिलीय. सहीचं तरी खरंच आहे. तिनं संध्याकाळपर्यंत येळ्ळूरला माहेरी कळवलंसुद्धा.

२८ सप्टेंबर, सोमवार
कंपाईल तीनदा फसलं. येळ्ळूरहून मेहुणा अभिनंदन करायला लॅबमध्येच आला. त्याच्यासमोर चौथ्यांदा फसलं. हे असंच असतं म्हणालो.
गुणाबाई म्हणाल्या, मॅन्युअलचा शेवटचा भाग टाईप व्हायचाय, चौदा पानं, बुधवारपर्यंत देते. राहू द्या म्हटलं. पुस्तकाच्या शेवटी आभारच असतात.

३० सप्टेंबर, बुधवार. दुपारी ४.१५
झालं कंपाईल! पन्नास मिनिटं लागली, एकही चूक नाही. उद्या खंडेनवमी, म्हणून शिपाई भरमू फडकं घेऊन मागंच उभा. मशीन बंद करून पुसायला दिलं. यादी तेवढी छापून घेतली. आठ. स्वच्छ आठ.

१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी
मशीनला झेंडूची माळ. नवीन चार टर्मिनलं खोक्यातून काढून रांगेत मांडली, भोवती रांगोळी. मी छापलेली यादीही पूजेत ठेवली. हळदकुंकू वाहिलं. प्रिन्सिपॉलनी यादीला हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
आज हत्याराला हात लावायचा नसतो, त्यामुळे मशीन बंदच.

३ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १.००
मशीन चालू केलं. जुनी चार छान चालली. नवीन चार जोडायला गेलो तर भरमूनं अडवलं. सोमवारी एक्झामिनर साहेबांच्या हातनं नारळ फोडूनच ती लावायची, अशी प्रिन्सिपॉलची इच्छा आहे म्हणे. मला हायसं का वाटलं कोण जाणे.
तेवढ्यात गुणाबाई आल्या. मी त्यांना यादी दाखवली, लाल पेन्सिलीनं खुणा केलेली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, "सर, यादीत आठ हाईत व्हय. पर मशीन चालतंय त्या कर्नलमधी किती हाईत, ते बघितलासा का?"
मॅन्युअलच्या त्या शेवटच्या भागात एक कमांड आहे म्हणे. कंपाईल झालेल्या कर्नलच्या आत काय काय बसलंय, त्याची नावं दाखवते. दोन मिनिटांचं काम. मी चिडलो. टायपिंग बघा म्हणालो. त्या गेल्यावर बघणार होतो, पण शनिवार, हाफ डे, उचगावला मामांकडे सोनं द्यायला जायचं होतं.
बसमध्ये यादी तीनदा तपासली. आठच.

५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.४०. कॉलेजचा संडास
नारळ फुटला. चार लागली. नवीन चार काळी ठिक्कर. चार पोरं काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसलीत. एक्झामिनर कन्नडमध्ये काही बोलले. मला कळलं, पण लिहीत नाही. प्रिन्सिपॉल माझ्याकडे बघतही नाहीत. बाहेर भरमू दार वाजवतोय. खिशात यादी आहे. आठ आहेत. आहेत हो!

त्याच दिवशी, दुपारी ३.००
गुणाबाईंनी ती कमांड दिली. आत चारच निघाले. माझं नवीन कर्नल कंपाईल झालं तिथंच पडून होतं. ते उचलून जुन्याच्या जागी ठेवायचं आणि मशीन पुन्हा चालू करायचं, हे त्या चौदा पानांत होतं. गुणाबाईंनी ते केलं. बारा वाजून पाच मिनिटांनी आठही लागली. परीक्षा पार पडली.
शांतपणे विचार केला. कर्नल कुणाचं? माझं. त्यांनी नुसतं इकडचं तिकडे ठेवलं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
ऑर्डर आज निघणार असं ऑफिसात ऐकलं. प्रिन्सिपॉल माणूस न्यायी आहे. यशोदेला म्हटलं, झालीच समज.

१२ ऑक्टोबर, सोमवार
लॅबच्या टेबलावर पाकीट! वर टाईप केलेलं: इन-चार्ज, कॉम्प्युटर लॅब. छातीला लावलं. उघडलं नाही, आधी जाऊन किलोभर कुंदा आणला. सगळ्या स्टाफला वाटला. गुणाबाईंनाही दोन चमचे जास्त दिला, मन मोठं हवं. प्रिन्सिपॉलनी कुंदा खाल्ला, पाणी प्याले आणि हळूच विचारलं, "जोतिबा, पाकिटात काय आहे ते बघितलंस का?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार. जावकचं टेबल
पाकिटात गुणाबाईंचं नाव होतं. त्यांनी ऑर्डर वाचून घडी घातली आणि म्हणाल्या, सर, कुंदा लई चांगला होता. टोमणा नव्हता तो. त्याचंच जास्त लागलं.
आज सतरा पाकिटं. चिकटवण्याआधी प्रत्येकात डोकावलो. वर जे लिहिलेलं, तेच आत होतं.
घरी यशोदेनं विचारलं, ऑर्डरवर सही झाली का? झाली म्हणालो. कुणाच्या ऑर्डरवर, ते तिनं विचारलं नाही.